नदीकडे साडेचार

निबाल्दोने खांबाला चुना फासला तेव्हा
बायोबियो नदीवर धुकं होतं
आणि प्रयोगशाळेतला हीटर, नेहमीसारखा,
नुसताच आवाज करत होता.
चुना कशाला, हे नव्या पोरांना सांगावं लागतं:
पोलाद दमलं तरी बोलत नाही.
पापुद्रा सुटतो, तेव्हा कळतं.

माझा खांब आत होता, संगणकात.
बारा हजार तुकडे केलेला,
प्रत्येक तुकडा शेजाऱ्याचा हात धरून.
सुरुवातीला मी भार अगदी मधोमध ठेवून पाहिला.
वाढवत गेले, वाढवत गेले.
तो ताठ.
कुठल्या बाजूला कलावं हेच त्याला कळेना.

"असा खांब," निबाल्दो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला,
"मी चाळीस वर्षांत बघितलेला नाही."
मग खिशातून मासे धरायची दोरी काढली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली
आणि पोटाशी पट्टी धरून वाचत गेला:
नदीकडे साडेचार मिलिमीटर.
टेकडीकडे दोन.
मी ते वाकडेपण टंकलं,
आणि खांबाला खांबपण आलं.

"आणि थंड होतानाचं?"
तेही हवंच. कडा आधी निवतात,
पोट मागाहून निवतं आणि कडांना आत ओढतं,
ती ओढ मग कुणी न शिवताही आत राहते.
सुंभ जळतो, पीळ तेवढा उरतो.
रात्रपाळीला तो उभा असायचा तिथे,
लाल पट्ट्या काळ्या पडताना बघत, एकोणीस वर्षं.
आता कारखान्याच्या फाटकाला कुलूप आहे
आणि आत कुत्री.

मग खरा भार ठेवला, मध्यापासून सरकवून,
चाळीस इकडे, साठ तिकडे.
म्हणजे वाकणं दोन दिशांना
आणि त्यातून न बोलावता येणारी पिरगळ.
बाकीच्या तीन कोपऱ्यांत
एकाचं ओझं दुसरं थोडंफार हलकं करतं.
चौथ्याकडे सगळेच येतात,
दाबही, हे वाकणंही, ते वाकणंही,
जशी आमच्या घरातली सगळी आजारपणं
ओदिला मावशीच्याच दारात यायची.
मी खऱ्या खांबावर, त्या कोपऱ्यात,
पेन्सिलीने फुली मारली.

रात्री गणित चाललं.
अंदाज, चूक, पुन्हा अंदाज,
चूक प्रत्येक वेळी थोडी लहान.
माथ्यापर्यंत भार वाढवत नेता येतो.
माथ्यापलीकडे नाही.
तिथून खांबालाच वाट विचारत
एकेक पाऊल उतरावं लागतं.
पहाटे आकडा आला: आठशे बारा.

सकाळी यंत्राने दाबायला सुरुवात केली.
पाचशे. सहाशे. कुणी बोलत नव्हतं.
सातशेला पहिला पापुद्रा पडला,
माझ्याच कोपऱ्यात,
पण फुलीच्या वीतभर खाली.
सातशे चौऱ्याहत्तरला खांब वळला,
हाक आल्यासारखा,
खांदा आधी, मग सगळं अंग.

पाच टक्के. अहवालात हे चालतं.
वीतभर का, ते मला अजून सापडलेलं नाही.

निबाल्दोने खाली सांडलेला चुना
झाडूने न लोटता हाताने गोळा केला.
"त्या रात्री धक्का दोन्हीकडून आला होता,"
एवढंच तो एकदा म्हणाला होता, जेवताना.
एलिसेओ, त्याचा धाकटा, गोदामात होता.
मी तेव्हा कोपऱ्यांबद्दल काही बोलले नाही.
आजही बोलले नाही.

दारापाशी पुढचा खांब पडला आहे, आठवा.
त्याने दोरी बांधली, एक डोळा मिटला.
"टेकडीकडे एक."
मी लिहिलं.
"नदीकडे…"
बाहेरून लाकडांचा ट्रक गेला.
"थांब. दोरी अजून थरथरतेय."